वाघमारे काकांचे गुरुवार

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या थेरगावात काही घरांत एक वेगळीच शांतता उतरते. थंडी गेलेली असते, पण पंखा लावावा इतकं उकडत नसतं. शेवग्याची पांढरी फुलं पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपावर पडून राहतात. डांगे चौकातली रहदारी तीच, हॉर्न तेच. तरी ज्या घरात दहावीचं मूल आहे, त्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा जरा दबकत होते. दारात आलेल्या पाहुण्याला हळूच सांगितलं जातं, "पेपर आहेत", आणि पाहुणाही मान डोलावून चप्पल हातात घ्यावी तसा आत येतो.

यंदा ती शांतता आमच्या घरी आली. माझी मुलगी अन्वी दहावीला आहे. मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी येते, तेव्हा अन्वीची अर्ध्या तासाची सुट्टी चालू असते. त्या वेळात ती जेवता जेवता मोबाइलवर विनोदी कार्यक्रमांचे तुकडे बघते, आणि मी रोज तेच बोलते जे माझ्या वयाची सगळी माणसं बोलतात. हल्ली विनोद व्हायच्या आधीच समोर बसलेले पाहुणे हसायला लागतात. पुरुषाला साडी नेसवली आणि बाईला जाड म्हटलं की झाला कार्यक्रम. गाण्यांचंही तसंच. बसमध्ये पाच जणांच्या मोबाइलवर पाच गाणी सुरू होतात, एकही संपत नाही. एखाद्या नव्या गाण्याचा दुसरा अंतरा ऐकून मला किती वर्षं झाली कोण जाणे. आणि ठेका असा की कंपनीच्या शॉपमध्ये कुणीतरी पत्र्यावर पाना आपटत बसलंय.

एका संध्याकाळी अन्वी म्हणाली की रोज नावं ठेवतेस, तर तुझ्या वेळचं एकदा दाखव तरी.

मला तेवढंच हवं होतं. माझ्या दहावीच्या वर्षी दर गुरुवारी साडेआठला एक मालिका लागायची. एका कापडदुकानाची. जाडजूड मालक, हडकुळा नोकर, आणि रोज येऊन काहीही न घेता जाणारी एक गिऱ्हाईक बाई. मी अन्वीला त्यातला माझा आवडता प्रसंग सांगितला. बाईपुढं चाळीस साड्या उलगडून झाल्यात, मालक घामाघूम झालाय, आणि बाई शांतपणे म्हणते, "यातली एकही नको. सगळ्यात बरी मी नेसून आलेय तीच आहे. हीच बांधून द्या."

अन्वी हसली. घास हातात धरून हसली. मग मी दुसरा सांगितला. मालक नोकरावर ओरडतो, काल का आला नाहीस. नोकर म्हणतो, "आलो होतो साहेब. तुम्ही नव्हता. मग माझी गैरहजेरी मीच लावली आणि घरी गेलो." त्यालाही ती हसली, आणि म्हणाली की शोध, बघूया.

कुणीतरी जुन्या कॅसेटवरून ते भाग इंटरनेटवर चढवून ठेवले होते. चित्र हलत होतं, रंग उडाले होते, पण मालक तोच, नोकर तोच. साड्यांचा प्रसंग आला. माझ्या तोंडावर आधीच हसू आलं होतं. बाईनं तोंड उघडलं आणि विचारलं की याचा रंग जाईल का. मालक म्हणाला, तुमचा जाईल, साडीचा जाणार नाही. मागून टेप केलेलं हसू वाजलं. अन्वी माझ्याकडं बघत राहिली.

मला वाटलं, हा दुसरा भाग असेल. आम्ही पुढचा लावला. त्यात नोकर शिडीवर चढला होता. मला तो प्रसंग पाठ होता. नोकर वरूनच पगारवाढ मागतो, मालक म्हणतो खाली उतर मग बोलू, आणि नोकर म्हणतो, "वर असतानाच बोला साहेब, खाली आलो की तुम्ही मला मोठे दिसता." पण मोबाइलमधला नोकर शिडीवरून काहीतरी पुटपुटला आणि धाडकन गठ्ठ्यांवर पडला. परत तेच टेपवरचं हसू. त्या रविवारी मी एकटीनं आणखी सहा भाग बघितले. माझ्या लक्षात असलेला एकही विनोद त्यात नव्हता.

अन्वी म्हणाली, "तू दुसरीच मालिका बघितली असशील."

मी म्हणाले की सुरुवातीचे एकदोन भाग सोडले तर मी ती बघितलीच नव्हती. पुढं मी ती नुसती ऐकली होती, भिंतीपलीकडून. आणि हे बोलता बोलता मला एकदम समजलं की ते विनोद कुणाचे होते.

तेव्हा आम्ही थेरगावातच, नदीच्या अंगाला, दहा खोल्यांच्या बैठ्या चाळीत राहायचो. वर पत्रे होते. दोन खोल्यांमधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती, वर हातभर फट होती. त्या फटीतून आमच्या आईच्या उदबत्तीचा वास पलीकडं जायचा आणि पलीकडून वाघमारे काकूंची सकाळची वंदना आमच्याकडं यायची. कांदा कुणाकडं परतला जातोय ते कळायचं नाही, भूक मात्र दोन्ही घरांना लागायची. मार्चमध्ये पत्रे तापले की त्यांना एक करपट वास यायचा. तो वास मला अजून इतिहासाच्या सनावळ्यांना चिकटलेला वाटतो.

वाघमारे लातूरकडचे. काका एका फोर्जिंगच्या कंपनीत हॅमरवर होते. लालबुंद लोखंडावर टनावारी वजनाचा घण पडतो आणि पायाखालची जमीन हलते, तिथं. घरात काकू आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान सुजाता. काकू बोलक्या होत्या. काकांचा आवाज मात्र आम्ही शेजारी असूनही क्वचित ऐकला होता. भेटले की हसायचे, मान हलवायचे, पुढं जायचे.

त्यांचा टीव्ही मात्र खणखणीत चालायचा. आमचे बाबा साताऱ्याकडचे, कंपनीत फिटर, आणि माझ्या दहावीपुढं त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. जानेवारीतच त्यांनी आमच्या टीव्हीवर चादर टाकून त्याचं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. परीक्षा महिन्यावर आल्यावर एका संध्याकाळी ते शर्ट घालून पलीकडं गेले आणि आवाज कमी करायला सांगून आले. काकूंनी लगेच कबूल केलं की पोरीचे पेपर होईपर्यंत आवाज बंदच ठेवतो. काकांनी नुसते हात जोडले, असं बाबांनी आईला सांगितलं. सांगताना ते जरा ओशाळले होते.

पुढच्या गुरुवारी साडेआठला पलीकडं खरंच काही वाजलं नाही. मी फटीखालच्या लोखंडी पेटीवर इतिहास घेऊन बसले होते. शांतता इतकी की मला उलट अभ्यास सुचेना. आणि मग काकांचा आवाज आला. जाडसर, थोडा सपाट, लातूरकडच्या हेलाचा.

"मालक म्हणलालाय, काल कुठं मेला व्हतास?"

थोडं थांबून, "नोकर म्हणलालाय, आलो व्हतो की साहेब..."

काकूंचं आणि सुजाताचं हसू फुटलं. मी पुस्तकात तोंड खुपसलं. तो अख्खा अर्धा तास काका बोलत होते. मालकाचं, नोकराचं, बाईचं, दुकानाबाहेर उभ्या रिक्षावाल्याचंसुद्धा. मला वाटलं आवाज अगदी बारीक ठेवलाय, काका जवळ बसलेत म्हणून त्यांना ऐकू येतंय, आणि काकू चुलीपाशी असल्यानं ते मोठ्यानं सांगतायत. त्यानंतर मी गुरुवारची वाट बघायला लागले. पेटीवरची माझी जागा ठरून गेली. एकदा वर बघितलं तर बाबा खुर्चीत वर्तमानपत्र तोंडापुढं धरून बसले होते आणि वर्तमानपत्र थरथरत होतं. मी पुस्तकाचं पान उलटलं.

रविवारी दुपारी काका टेपरेकॉर्डर लावायचे. तोही आता हळू. आमच्या फटीतून फक्त ढोलकीचा ठेका यायचा, शब्द यायचे नाहीत. मी त्या ठेक्यावर बीजगणिताची सूत्रं पाठ केली. अजूनही काही सूत्रं मला तालातच आठवतात.

परीक्षा सुरू झाली. दोन पेपर झाले आणि मध्ये सुट्टीचा गुरुवार आला. आईनं मला काकूंची वाटी परत करायला पाठवलं, नेमकं साडेआठनंतर. दार उघडंच होतं. मी उंबऱ्याशी थांबले. टीव्ही चालू होता आणि आवाज बारीक केलेला नव्हता, पूर्ण बंद होता. काका पडद्याकडं बघत बोलत होते. काकू आणि सुजाता मात्र टीव्हीकडं पाठ करून काकांच्या तोंडाकडं बघत होत्या.

काकूंनी मला बघितलं. त्या उठल्या, वाटी घेतली आणि मला नळाच्या कट्ट्यापर्यंत घेऊन आल्या. तिथं त्यांनी हळू आवाजात सांगितलं की काकांना दोन वर्षांपासून जवळजवळ काही ऐकू येत नाही. हॅमरमुळं कान गेले. ते ओठांवरून ओळखतात. पुढच्या महिन्यात कंपनीची वार्षिक तपासणी आहे, आणि कळलं तर काय होईल याची त्यांना झोप नाही. तोवर बाहेर कुणाला समजू द्यायचं नाही. माझ्या आईबाबांनाही नाही.

मी पंधरा वर्षांची होते. आतापर्यंत मी सांभाळलेली गुपितं म्हणजे कुणाला कोण आवडतं, एवढीच. हे गुपित एका माणसाच्या कामाचं होतं. त्या रात्री मला भूमितीपेक्षा त्याचीच भीती वाटली.

चार दिवसांनी ते निभावायची वेळ आली. कोपऱ्यातल्या खोलीत काकांच्याच कंपनीतला एक सुपरवायझर राहायचा. मी नळावर हंडा लावून उभी होते. त्यानं मला सहज विचारल्यासारखं विचारलं की तुझे वाघमारे काका हल्ली हाक मारली तरी बघत नाहीत, माझ्यावर रागावलेत की काय. मी म्हणाले, "मीच त्यांना सांगितलंय. माझे पेपर होईपर्यंत चाळीत कुणाशी मोठ्यानं बोलू नका म्हणून." तो हसला, म्हणाला की बरंय बाई तुमचं, आणि गेला. हंडा भरून वाहत होता ते मला नंतर दिसलं.

तपासणीत जे व्हायचं ते झालंच. डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं. पण काकांना काढलं नाही. हॅमरवरून उतरवून पॅकिंगला बसवलं. ओव्हरटाइम गेला, आणि काकूंनी शिवणकाम धरलं. पण डॉक्टरांनी सांगितलं की आणखी दोन वर्षं तिथं राहिले असते तर उरलंसुरलंही गेलं असतं. मी पास झाले. बऱ्या मार्कांनी झाले. पुढच्याच वर्षी वाघमाऱ्यांनी तळेगाव दाभाड्याला खोली घेतली आणि चाळ सोडली. मग कॉलेज, नोकरी, लग्न. चाळ पडली, तिथं इमारती झाल्या. या सगळ्यात मधलं काय गळून पडलं असेल तर ती भिंत आणि काका. राहिली ती मालिका, आणि तिचे विनोद. तीस वर्षं मी ते लोकांना सांगत आले, कंपनीच्या सहलीत, लग्नाच्या जेवणात, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणत आले की तेव्हा कसं छान लिहायचे.

काकूंनी सांगितलं होतं की ते ओठांवरून ओळखतात, आणि मी ते तसंच धरून चालले होते. हलत्या, भुरकट पडद्यावर, बाजूला वळलेल्या माणसांच्या ओठांवरून कुणी पूर्ण संवाद ओळखू शकेल का, हा विचार मला या फेब्रुवारीपर्यंत शिवला नव्हता.

सुजाताचा नंबर मिळवायला दोन दिवस लागले. ती नाशिकला असते, काकांना अजून दादाच म्हणते. म्हणाली, आईदादा तळेगावलाच आहेत, जाऊन ये, फार खूश होतील. पहिला पेपर व्हायला आठ दिवस होते. अन्वी म्हणाली की रविवारी दोन तास मी पण येते.

काकांनी सत्तरी ओलांडलीय. केस पांढरे, हात मात्र अजून हॅमरवाल्याचे. उजव्या कानात मशीन आहे. डाव्या कानातलं शिट्टी मारतं म्हणून डबीत असतं. मला त्यांनी ओळखलं नाही, काकूंनी ओळखलं. मग काका म्हणाले, "अगं, ही तर दहावीवाली." इतक्या वर्षांनीही माझी तेवढीच ओळख शिल्लक होती.

शेजारच्या गल्लीत कुणाची तरी हळद होती. भलेमोठे स्पीकर लावलेले. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी सवयीनं कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले की काय ही हल्लीची गाणी. काका म्हणाले की त्यांना हीच आवडतात. जुन्या गाण्यांसाठी त्यांना टेपच्या खोक्यावर तळहात ठेवून बसावं लागायचं, तेव्हा कुठं ठेका लागायचा. ही आपली आपण छातीत येऊन वाजतात. अन्वीनं माझ्याकडं असं बघितलं की मी चहाच्या कपात बघायला लागले. मग ती आणि काका त्या गाण्याबद्दल बोलत बसले. तिला त्याचे शब्द येत होते, त्यांना ठेका.

मी मुद्द्यावर आले. ते भाग मोबाइलवर सापडले, पण त्यात तुमचं एकही वाक्य नाही, असं मी सांगितलं. काकांना कोणती वाक्यं तेच आठवेना. मालिका आठवत होती, वाक्यं नाहीत. मग मी त्यांना साडीचा सांगितला. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. गैरहजेरीचा सांगितला, शिडीचा सांगितला. अन्वी मध्येच पुढचं वाक्य सांगत होती. डोळे पुसत काकांनी विचारलं की हे कुणी केलेलं.

मी म्हणाले, "तुम्ही."

त्यांनी कानातलं मशीन नीट बसवलं. मग म्हणाले, "वठावरनं एखादा शब्द कळायचा माय. साडी कळायचं, पगार कळायचं. बाकीचं कुणी सांगावं? ह्या दोघी तोंडाकडं बघत बसायच्या. मग कायतरी जुळवायचं. फोरमनला जे बोलता येत नव्हतं ते नोकराच्या तोंडात घालायचं."

मशीन बसवल्यावर एकदा त्यांनीही ती मालिका पुन्हा लागलेली ऐकली होती. फार काही खास नव्हती, असं त्यांचं मत पडलं. ते त्यांनी अगदी तटस्थपणे सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दल सांगावं तसं.

मी जे बोलायला गेले होते ते मग बोलले. ते दोन महिने मला किती जड गेले असते, आणि गुरुवारच्या त्या अर्ध्या तासानं मला कसं तारून नेलं. पुढं आयुष्यात जेव्हा जेव्हा हसायची गरज पडली, तेव्हा मी त्यांच्याच वाक्यांकडं गेले, आणि आभार मात्र कुणा भलत्याच लेखकाचे मानत राहिले. हे सगळं मी अडखळत बोलले. काकांना निम्मं ऐकू आलं असेल. ते हसून मान हलवत होते.

उत्तर काकूंनी दिलं. त्या इतका वेळ अन्वीला पोहे वाढत होत्या. हातातला चमचा त्यांनी खाली ठेवला.

"आभार कशाचे मानतीस माय. त्याच्या आधी दोन वर्षं हा माणूस घरात बोलतच नव्हता. स्वतःचा आवाज ऐकू येईना, तर बोलायचंच सोडलं व्हतं. टीव्ही मोठ्यानं लावायचा आणि तिघांनी गप बसायचं. मला वाटायचं, कान तर गेलेच, आता जीभ पण जाणार. तुझे बाबा आले, आवाज कमी करा म्हणले, मी बंदच केला. तवा कुठं ह्यांना तोंड उघडावं लागलं."

बाहेर हळदीचं गाणं बदललं.

बाबा आता गावी असतात. चाळीचा विषय निघाला की ते अजून म्हणतात, पोरीच्या मार्कांपायी शेजाऱ्याच्या घरात तोंड घातलं, ते काही बरं केलं नाही. आयुष्यात त्यांनी फार थोड्या गोष्टींबद्दल असं म्हटलंय.

मी त्यांना फोन लावला. रिंग जात असतानाच तो काकूंच्या हातात दिला. काकूंनी पदरानं हात पुसला, फोन कानाला लावला आणि पलीकडून आवाज येताच म्हणाल्या, "भाऊ, थेरगावची वाघमारे बाई बोलतेय. तुमाला एक सांगायचं राहून गेलतं."